डायल टोन आहे पण नंबर लागत नाही: पल्स आणि टोनची पार्श्वभूमी

लँडलाइनला डायल टोन छान येतोय, बटणं दाबली की कानात आवाजही येतात पण टोन काही तुटत नाही, अशा वेळी बरेच जण सरळ फोनच बदलतात. त्याआधी एक्सचेंजला, म्हणजे सगळ्या लाइन्स जिथे एकमेकींना जोडल्या जातात त्या केंद्राला, नंबर कळतो कसा हे माहीत असलेलं फार बरं, कारण फॉल्ट बहुतेकदा नंबर पोचवण्याच्या या पद्धतीतच असतो.

१८९१ साली अमेरिकेत ऑल्मन स्ट्रोजर या अंत्यविधीचा धंदा करणाऱ्या माणसाला ऑटोमॅटिक एक्सचेंजचं पेटंट मिळालं आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यात ला पोर्टला तसं एक्सचेंज सुरूही झालं. चकतीचा डायल त्यानंतर आला. रिसीव्हर उचलला की फोन आणि एक्सचेंजमधल्या दोन तारांचा लूप पूर्ण होऊन करंट वाहायला लागतो, मग चकती परत येताना तो करंट ५ ला पाच वेळा, ० ला दहा वेळा असा तुटतो, सेकंदाला साधारण १० वेळा या वेगाने, आणि एक्सचेंज ते तुटणं, म्हणजेच पल्स, फक्त मोजतं. म्हणून चकतीचा वेग सांभाळणारा गव्हर्नर मंदावला किंवा पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरून लीकेज झालं की मोजणी चुकते आणि राँग नंबर लागतो. सैल जॉइंटने करंट क्षणभर तुटला तरी एक्सचेंजला तो १ वाटतो, मग काही डायल न करताच टोन गायब! लंडनमध्ये १९३७ ला इमर्जन्सीसाठी १११ सोडून ९९९ घेतला तो याच भीतीने, तारा एकमेकींना लागल्या की १११ आपोआप जायची शक्यता होती.

१८ नोव्हेंबर १९६३ ला बेल कंपनीने पेनसिल्व्हेनियात टोन डायलिंग आणलं. त्यात प्रत्येक बटणाला दोन फ्रिक्वेन्सी एकदम जातात, ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. जुन्या स्ट्रोजर एक्सचेंजला हे कळायचंच नाही, आणि आपल्याकडे तशी एक्सचेंज बरीच वर्षं चालली, म्हणून बटणाच्या फोनलाही खाली टी (टोन) आणि पी (पल्स)चा स्विच असायचा, पीवर ठेवला की दाबायचं बटण पण लाइनवर जायचे पल्स. सुरुवातीच्या टोन फोनची आणखी एक भानगड होती, दोन तारा उलट जोडल्या तर बोलणं व्यवस्थित व्हायचं पण बटणं मुकी.

आता प्रकार उलटा झालाय. स्विच पीवर राहिला तर नंबर लागतो पण ‘हिंदीसाठी दोन दाबा’ला मशीन दादच देत नाही. आणि फायबर इंटरनेटच्या ज्या डब्यांना फोन जोडतात त्यातल्या बऱ्याच डब्यांना पल्स कळतच नाहीत, त्यामुळे आजोबांचा चकतीचा फोन जोडला तर घंटी वाजते, बोलता येतं, फक्त डायल होत नाही. फोन चांगलाच असतो, मध्ये पल्सचा टोन करणारा छोटा कन्व्हर्टर लावला की चालतो.