कोल्हापूर की छत्रपती संभाजीनगर? ठाण्याहून तीन दिवसांच्या सुट्टीसाठी माहितीपत्रक

दिनदर्शिकेत शनिवार-रविवारला जोडून एखादा लाल दिवस दिसला की ठाण्यातल्या अनेक घरांत ही दोन नावे निघतात. दोन्ही शहरे रात्रीच्या गाडीने गाठता येतात आणि दोन्हीकडे तीन दिवस पुरून उरेल एवढे बघण्यासारखे आहे. तरीही निवड नुसत्या आवडीवर सोडू नका. सुट्टी कोणत्या वारी आली आहे आणि बरोबर कोण येणार आहे, एवढे आधी बघितले तर बहुतेक वेळा शहर आपोआप ठरते.

वार आधी, शहर नंतर

अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. सगळ्यात जास्त सहली इथेच फसतात. अजिंठा संभाजीनगर शहरापासून सुमारे १०० किलोमीटर दूर, म्हणून लोक तो शेवटच्या दिवसावर ठेवतात. सुट्टी शनि-रवि-सोम असेल तर शेवटचा दिवस सोमवार, आणि अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला पोहोचल्यावर दार बंद.

अशा वेळी क्रम असा लावा: शनिवारी दौलताबाद आणि वेरूळ, रविवारी पूर्ण दिवस अजिंठा, सोमवारी सकाळी बीबी का मकबरा आणि पाणचक्की बघून परत. सुट्टी शुक्र-शनि-रवि असेल तर मात्र अजिंठा शेवटी ठेवणेच फायद्याचे. लेणी बघून शहरात परत येण्याऐवजी तसेच पुढे जळगावला जा. अंतर सुमारे ६० किलोमीटर, आणि जळगाव मुख्य मार्गावर असल्याने कल्याण-ठाण्याकडे येणाऱ्या गाड्या भरपूर. त्यासाठी भाड्याची गाडी ठरवतानाच ‘जळगावला सोडायचे’ असे बोलून घ्या. ऐन वेळी सांगितले की परतीचे रिकामे भाडेही माथी पडते.

२०२६ मध्ये १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस शुक्रवारी आहेत.

कोल्हापुरात असा बंद वार नाही, पण गर्दीचे वार आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी रांग मोठी असते, जोतिबाला रविवारी. शुक्र-शनि-रवि अशा सुट्टीत तीनपैकी दोन दिवस गर्दीचेच. म्हणून शुक्रवारी पोहोचल्यावर पन्हाळा करा आणि अंबाबाई शनिवारी पहाटेसाठी ठेवा. नवरात्रात ज्यांना देवीचेच दर्शन घ्यायचे आहे त्यांनी जरूर जावे. नुसते फिरायला म्हणून त्या दिवसांत आम्ही कोल्हापूर सुचवत नाही. नोव्हेंबरातल्या किरणोत्सवाचे मुख्य दिवस ९, १० आणि ११. मावळतीचे किरण अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात ते आकाश स्वच्छ असेल तरच, आणि २०२६ मध्ये हे दिवस दिवाळीतच येतात. खोली फार आधी धरावी लागेल.

रेल्वेने जायचे तर

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते. २ ऑक्टोबरच्या सुट्टीसाठी १ ऑक्टोबरच्या रात्रीची गाडी हवी असेल तर तारीख २ ऑगस्ट. परतीचे तिकीट दोन-तीन दिवसांनी उघडते, हे विसरल्यामुळे जाण्याचे पक्के आणि येण्याचे वेटिंग अशी अवस्था होते. दोन्ही तारखा एकदमच लिहून ठेवा. तत्काळ आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी १० वाजता, बाकीच्यांसाठी ११ वाजता उघडते, आणि ऑनलाइन काढायचे तर खात्याला आधार जोडलेले असावे लागते. जोडसुट्टीला तत्काळच्या भरवशावर राहू नये.

कोल्हापूरसाठी महालक्ष्मी एक्सप्रेस. संध्याकाळी ऑफिस करून कल्याणला चढा, सकाळी कोल्हापूर. रजा लागत नाही. परततानाही रविवारी रात्री निघून सोमवारी सकाळी घरी. कोयना एक्सप्रेस दिवसाची आहे आणि तिच्यात सुट्टीचा एक आख्खा दिवस जातो.

संभाजीनगरची रात्रीची देवगिरी एक्सप्रेस तिथे भल्या पहाटे पोहोचते. खोली साधारण दुपारी १२ ला मिळते, म्हणजे मधले सात-आठ तास सामान घेऊन कुठे बसायचे, हा प्रश्न आधीच सोडवा. हॉटेल धरतानाच लवकर खोली देणार का, किती जास्त घेणार, हे विचारून लेखी घ्या. लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील तर सकाळची तपोवन किंवा दुपारची जनशताब्दी बरी. दिवस थोडा जातो, झोप जात नाही.

स्वतःच्या गाडीने जायचे तर

संभाजीनगरचा रस्ता ५ जून २०२५ पासून पूर्ण बदलला. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा त्या दिवशी खुला झाला. आता भिवंडीजवळच्या आमण्याला चढले की कसारा घाट टाळून सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्यातून इगतपुरी, आणि पुढे थेट माळीवाडा किंवा सावंगीला उतरणे. दौलताबाद-वेरूळ आधी करायचे असेल तर माळीवाडा, शहरात जायचे असेल तर सावंगी. ठाण्यापासून साधारण ३०० किलोमीटर, थांबे धरून पाच ते साडेपाच तास.

खरा वेळ जातो तो आपल्याच दारात. माजिवडा, साकेत पूल, खारेगाव, माणकोली, रांजणोली, वडपे या पट्ट्यात भिवंडीच्या गोदामांची आणि बंदराकडची अवजड वाहने असतात. पहाटे ५ च्या आत माजिवडा सोडले तर पुढचा प्रवास सुखाचा होतो. सात वाजता निघाल तर समृद्धीवर वाचणारा वेळ भिवंडीलाच देऊन टाकाल.

समृद्धीवर टायर फुटून अपघात होतात, याकडे गंभीरपणे बघा. काँक्रीट तापलेले, वेग सलग १००-१२०, गाडी भरलेली, आणि टायर जुने किंवा हवा कमी. हवा कमी असलेल्या टायरच्या कडा सतत दुमडतात, आतून तापतात आणि फुटतात. निघण्याच्या आदल्या दिवशी टायर थंड असताना हवा भरा, दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात पूर्ण भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिला असेल तेवढी. टायरवर चार अंकी उत्पादन-शिक्का असतो: ‘२३२०’ म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांवरचे टायर आधी दाखवून घ्या. रस्ता सरळसोट असल्याने डोळ्यावर झापड येते. दर दीड तासाने उतरून चाला. खाण्याच्या आणि इंधनाच्या जागा अजून लांब लांब आहेत, टाकी भरून निघा आणि डबा बरोबर ठेवा.

कोल्हापूर सुमारे पावणेचारशे किलोमीटर, थांबे धरून आठ तास. सुट्टीच्या सकाळी बोरघाटात खालापूर ते लोणावळा गाड्यांची रांग लागते. पुढे खंबाटकी जाताना घाटातून चढावा लागतो, येताना बोगदा मिळतो. सातारा ते कागल सहापदरीकरणाची कामे असल्याने वळसे आहेत, रात्री तिथे वेग आवरा. परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सर्वांत जपण्याचा. ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात ते इथेच. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा आणि अवजड वाहनाच्या पुढे-मागे चिकटून चालू नका. एकच चालक असेल तर आम्ही कोल्हापूरला रेल्वेच सुचवतो.

गुडघे, मुले आणि ऊन

अजिंठ्याला गाडी पायथ्यापर्यंत जात नाही. फर्दापूर फाट्यावर वाहनतळ, तिथून ४ किलोमीटर एसटीची बस, मग पायऱ्या, आणि पुढे घोड्याच्या नालेसारख्या कड्यात पसरलेली ३० लेणी. डोलीवाले मिळतात, भाव चढण्याआधी ठरवा. सगळी लेणी बघण्याचा हट्ट नको. चित्रांसाठी १, २, १६, १७ आणि निजलेल्या बुद्धासाठी २६ नीट बघा. आत अंधार असतो, डोळे सरावायला दोन-तीन मिनिटे थांबा, तेव्हा रंग दिसू लागतात. फ्लॅश चालत नाही.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून १६ क्रमांकाचे कैलास लेणे दुपारनंतर खुलते. सकाळी दौलताबाद, जेवून वेरूळ, हा क्रम त्यासाठीच. कैलास वरून खाली कोरत आणले आहे. खालून बघून झाल्यावर बाजूच्या टेकडीवरूनही बघा. जैन लेणी, ३० ते ३४, दीड किलोमीटरभर दूर आहेत, तिथे वाहनाने जा. शेजारी घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावे लागते आणि मोबाइल नेता येत नाही.

ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी कोल्हापूरच योग्य. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते. तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी थोड्या चालण्यात होतात. मराठा लष्करी स्थापत्याच्या ज्या १२ किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत पन्हाळा आहे. दुसऱ्या दिवशी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर आणि नृसिंहवाडी एकत्र करा. खिद्रापूरचा ४८ खांबांचा, वर गोल आकाश उघडे ठेवलेला स्वर्गमंडप लोक लांब म्हणून वगळतात. आमच्या मते पन्हाळ्यानंतर तोच बघावा. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढलेले म्हशीचे दूध मुलांना जरूर द्या. तांबडा-पांढरा पहिल्याच दुपारी, पोट रिकामे असताना. रात्री उशिरा खाऊन पहाटे रांगेत उभे राहणे जड जाते.

एप्रिल-मेमध्ये संभाजीनगर चाळिशीपार जाते, तेव्हा लेण्यांना जाऊ नका. कोल्हापूरही तापते, पण पन्हाळ्यावर वारा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये उलट. पंचगंगेला पूर आला की शिरोळ तालुक्यातले रस्ते पाण्याखाली जातात, आणि २०१९ व २०२१ मध्ये तर महामार्गच बंद पडला होता. १५ ऑगस्टच्या सुट्टीला म्हणून वेरूळ निवडा. डोंगर हिरवा असतो आणि २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ धबधबा पडतो.

चौकशीला येताना प्रत्येकाचे वय, चढ न झेपणारे कोण, सोमवारी किती वाजता कामावर हजर व्हायचे आणि जेवण शाकाहारी की मिश्र, एवढे लिहून आणा. ओळखपत्रावर जसे आहे तसेच नाव द्या.