करडईच्या तेलात जे नव्हते

सहा वर्षांची एक अमेरिकन मुलगी. पोटात गोळी लागल्यामुळे तिचे जवळजवळ तीन मीटर आतडे काढावे लागले. मग सगळे पोषण शिरेवाटे सुरू झाले. त्या द्रवातले तेल होते करडईचे. पाच महिन्यांनी तिचे पाय दुखू लागले, मुंग्या येऊन बधिर होऊ लागले. चालता येईना, मधूनच धूसर दिसे. करडईऐवजी सोयाबीन तेलाचा द्रव दिल्यावर हे सारे थांबले. संशोधक राल्फ होल्मन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ही हकिकत प्रसिद्ध केली.

मुलगी उपाशी नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेले मेदाम्लांची बनलेली असतात. करडईच्या तेलात त्यांपैकी ओमेगा-६ गटातले लिनोलिक आम्ल भरपूर असते. नसल्यात जमा असते ते ओमेगा-३ गटातले अल्फा-लिनोलेनिक आम्ल. ते आपल्या शरीराला तयार करता येत नाही, खाण्यातूनच मिळावे लागते. लागते तरी किती? मोठ्या माणसाला दिवसाला एक ते दीड ग्रॅम.

विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर जवसाची चटणी असते, तिच्यात ते आहे. जवसात सुमारे ४० टक्के तेल आणि त्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग हेच आम्ल. मोठा चमचाभर जवसकुटात दिवसाची गरज भागते.

मात्र ‘जवस खा, मासे नकोत’ हा प्रचार मला पटत नाही. बांगडा-तारलीत ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-३ आम्ले आयती मिळतात. जवसातल्या आम्लापासून शरीर ती बनवते, पण थोडीच. डीएचए तर अगदीच कमी. शिवाय या कामाला जे विकर (एन्झाइम) लागते, तेच लिनोलिक आम्लालाही लागते. करडई-सूर्यफुलाच्या तेलाचा मारा असेल, तर ते विकर तिकडेच गुंतते. नेदरलँड्समध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ४,८३७ जणांवर अभ्यास झाला. त्यात रोज दोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल देऊनही हृदयविकाराच्या घटना लक्षणीय घटल्या नाहीत, असे २०१० साली दिसले. जवस हे अन्न आहे, त्याच्याकडून औषधाची अपेक्षा नको.

आणि जवस कुटूनच खावा. अख्खा दाणा टरफलासकट तसाच बाहेर पडतो. जवसाचे तेल हवेतला प्राणवायू झटकन घेते. म्हणून तर ते रंगात मिसळतात, क्रिकेटच्या बॅटला चोळतात. पण त्याच गुणामुळे कुटलेला जवस लवकर खवट होतो. आमच्याकडे चटणी आठवड्यापुरतीच कुटतात.