तुटलेल्या नसेचा खोडवा

पन्हाळ्याकडच्या आमच्या मामांच्या डाव्या मनगटावर ऊस तोडताना कोयता बसला. त्याच रात्री कोल्हापुरात ऑपरेशन झालं. जखम भरली, टाके निघाले. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिरच. “बोट माझंच हाय, पण माझं वाटंना,” असं ते म्हणायचे. डॉक्टर म्हणाले होते, नस जोडलीय, आता सात-आठ महिने धीर धरा. घरात कुणाला ते पटेना. तुटलेली वायर जोडली की दिवा लगेच लागतो, मग नसेचंच असं का?

कारण नस म्हणजे वायर नव्हे. आपल्याकडं रक्तवाहिनीलाही नस म्हणतात; ही नस वेगळी, ही हजारो चेतातंतूंची जुडी. त्यातला एकेक तंतू म्हणजे एका जिवंत पेशीचा लांबलचक हात. पेशीचं धड पाठीच्या कण्यात किंवा कण्यालगत, आणि हात थेट बोटाच्या टोकापर्यंत. मनगटात तो तुटला की पुढचा तुकडा मरतो, टाके कितीही सुबक घाला. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे दाखवलं. केसाहून बारीक दोऱ्यानं सर्जन जोडतो ते बाहेरचं वेष्टण. आतला तंतू नव्यानं उगवावा लागतो.

उसाचा खोडवा आठवा. वरचा ऊस तुटला तरी जमिनीतला बुडखा जिवंत असतो, म्हणून कोंब फुटतो. तंतूचं धडही तसंच वर सुरक्षित असतं. फरक एवढाच की खोडव्याचा कोंब मोकळ्या आभाळात वाढतो, तंतूला मात्र जुनीच वाट शोधावी लागते. ती वाट तयार करतात श्वान पेशी (हे नाव श्वान नावाच्या शास्त्रज्ञावरून, कुत्र्यावरून नव्हे). एरवी त्या तंतूभोवती चरबीयुक्त आवरण गुंडाळून बसलेल्या असतात. तंतू मेला की त्या ते काम सोडतात, भक्षक पेशींच्या मदतीनं आवरणाचं पाचट साफ करतात, संख्येनं वाढतात आणि रांगा लावून उभ्या राहतात. वर तंतूला वाढवणारी रसायनंही सोडतात. असं पहिलं रसायन शोधणाऱ्या रीटा लेव्ही-मॉन्टालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं. मेंदूत आणि मज्जारज्जूत अशी मदत मिळत नाही, म्हणून तिथली इजा इतकी अवघड.

वाढीचा वेग रोज साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाचं टोक सुमारे १८ सेंटिमीटर, म्हणजे सहा महिने. शिवाय सुरुवातीचे काही आठवडे. नस खांद्याजवळ तुटली असेल तर हाताच्या पंजापर्यंत दोन वर्षं. आणि स्नायू तेवढं थांबत नाही. नसेविना तो सुकत जातो, आणि वर्ष-दीड वर्षानंतर तंतू पोचला तरी फारसा उपयोग होत नाही. म्हणून कापलेली नस ‘बघू, येईल आपोआप’ म्हणून सोडणं मला फार घातक वाटतं. टोकं जुळली नाहीत तर तंतू भरकटतात आणि दुखरी गाठ होते. मधला तुकडाच गेला असेल तर पोटरीची एक नस काढून तिथं बसवतात. बदल्यात पावलाची बाहेरची कड थोडी बधिर राहते.

तंतू कुठवर आला हे बोटानं ठोकून कळतं. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, फ्रान्सचे ज्यूल टिनेल आणि जर्मनीचे पॉल हॉफमन यांनी स्वतंत्रपणे हे नोंदवलं: नसेवर टकटक केली की वाढत्या टोकापाशी झिणझिण्या येतात. टिनेल यांनी त्या खुणेला दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थ चक्क ‘मुंग्या येणं’ असाच होतो. मामांच्या मुंग्या दर महिन्याला तीनेक सेंटिमीटर पुढं सरकत होत्या. मामी तिथं पेनानं खूण करायची.

मधल्या काळात चहाच्या पेल्यानं अंगठ्याला फोड आला आणि मामांना पत्ताच नाही. तेव्हापासून गरम वस्तू उजव्या हातानंच. सांधे आखडू नयेत म्हणून रोज बोटं हलवायची.

तंतू पोचले तरी काम संपत नाही. बरेचसे चुकीच्या घरी पोचतात, आणि मेंदूला नवे पत्ते शिकावे लागतात. लहान मुलांना हे लवकर जमतं, मोठ्यांना कष्टानं. मामी ताटात ज्वारी, तूरडाळ आणि शाबू वेगवेगळे ठेवायची. आधी बघून चाचपायचं, मग डोळे मिटून ओळखायचं. आता मामा ज्वारी आणि शाबू बिनचूक ओळखतात. मधल्या बोटाला काटा टोचला तर मात्र अजून तर्जनीकडं बघतात.