युद्धसिद्धांत (लष्करी)

युद्धसिद्धांत : सैन्याने कसे लढावे याविषयी त्या सैन्याने अधिकृतपणे स्वीकारलेला विचार. लष्करी वर्तुळात यासाठी ‘डॉक्ट्रिन’ हा शब्द सर्रास वापरतात. युद्धसिद्धांत नियमपुस्तिकांत लिहिलेला असतो, अधिकाऱ्यांच्या शाळांत शिकवला जातो आणि सरावांत घोटून घेतला जातो. कोणती शस्त्रे मागवायची, शिपायाला किती महिने शिकवायचे, वरिष्ठांशी संपर्क तुटला तर कप्तानाने काय करायचे, हेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते. पहिल्या महायुद्धात एकाच आघाडीवर समोरासमोर लढलेल्या फ्रान्स आणि जर्मनीने त्या युद्धातून जे वेगवेगळे धडे घेतले, त्यांत सिद्धांताचे हे सामर्थ्य फार स्पष्ट दिसते.

१९१४ पूर्वी फ्रेंच सैन्यावर आक्रमणाच्या विचाराची मोहिनी होती. कर्नल ग्रांमेझाँ यांच्या १९११ मधील व्याख्यानांनी तिला धार आणली, आणि आक्रमणाखेरीज दुसरा कायदा आपण मानत नाही असे १९१३ च्या नियमावलीत नोंदले गेले. मनोधैर्य असेल तर मशीनगनच्या माऱ्यातूनही पुढे जाता येते, हे त्यामागचे गृहीत. त्याची किंमत पहिल्याच महिन्यात चुकवावी लागली : २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक ठार झाले. युद्ध संपेपर्यंत हा आकडा तेरा लाखांच्या पुढे गेला होता.

साहजिकच लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९२१ च्या नियमावलीमागे मार्शल पेताँ यांचा विचार होता : माणसे मारतो तो तोफांचा मारा, म्हणून आधी मारा, मग पायदळ. आक्रमण टप्प्याटप्प्याने करायचे, प्रत्येक टप्प्यानंतर थांबून तोफखाना पुढे आणायचा, वेळापत्रक वरून ठरवायचे. ही ‘पद्धतशीर लढाई’ भित्रेपणातून आली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९२८ मध्ये सक्तीची लष्करी सेवा एक वर्षावर आली होती. तेवढ्या वेळात तयार झालेल्या आणि युद्धाच्या वेळी घरून बोलावलेल्या राखीव शिपायांकडून स्वतःच्या बुद्धीने लढण्याची अपेक्षा सेनापती ठेवू शकत नव्हते. तेव्हा लष्करी अधिकारी असलेल्या द गॉल यांनी १९३४ मध्ये एक लाख व्यावसायिक सैनिकांचे चिलखती (रणगाड्यांचे) दल मागितले, तेव्हा विरोध झाला तो राजकारणातूनही. पगारी सैन्य प्रजासत्ताकावरच उलटेल, ही भीती फ्रान्समध्ये जुनी होती. १९३६ च्या नव्या नियमावलीनेही १९२१ चा गाभा कायम ठेवला. दरम्यान सरसेनापती गामलँ यांनी सिद्धांताविषयीचे लेख आणि व्याख्याने मुख्यालयाच्या परवानगीखाली आणली होती. माझ्या मते खरे नुकसान इथे झाले. सिद्धांत चुकीचा असण्यापेक्षा त्यावर वाद बंद होणे अधिक घातक ठरले.

जर्मनीचे सैन्य व्हर्सायच्या तहाने एक लाखावर आणले होते. रणगाडे आणि विमाने दोन्हींना बंदी. जर्मन सेनापती हान्स फॉन झेक्ट यांनी १९१९ च्या अखेरीस पन्नासहून अधिक समित्या नेमल्या आणि चारशेवर अधिकाऱ्यांना गेल्या युद्धाची चिकित्सा करायला लावले. युद्धाने कोणत्या नव्या परिस्थिती निर्माण केल्या, जुने विचार कितपत टिकले, कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, असे त्यांचे प्रश्न होते. पराभूतांना चिकित्सा सोपी जाते, हेही खरे. निघालेला निष्कर्ष पूर्णपणे नवा नव्हता. एकोणिसाव्या शतकातील प्रशियन सेनापती मोल्टकेच्या काळापासूनची सवय अशी की वरिष्ठाने काय साधायचे ते सांगावे, कसे साधायचे ते हाताखालच्याने जागेवर ठरवावे. १९१८ च्या धडक तुकड्यांचा अनुभव तिला जोडला गेला. सरावात खरे रणगाडे नसत, तर मोटारींवर कापडी सांगाडे चढवत. खरे रणगाडे सोव्हिएत रशियात काझानजवळच्या गुप्त शाळेत हाताळायला मिळत. १९३३ च्या नियमावलीत हा सगळा विचार एकत्र आला.

१९४० च्या मे महिन्यात जर्मनीने फ्रान्सवर स्वारी केली, तेव्हा फ्रेंच रणगाडे संख्येने कमी नव्हते आणि चिलखतात अनेकदा सरस होते. पण ते पायदळाच्या चालीने वापरायचे असल्याने अनेकांत बिनतारी संच नव्हते, आणि बुरुजात एकच माणूस नेम धरी, तोफ डागी, वर हुकूमही देई. जर्मनांच्या मुख्य रणगाड्यांत ही कामे तिघांत वाटलेली असत.

१३ मे रोजी सेडाँ येथे जर्मन पायदळ रबरी होड्यांतून म्यूज नदी ओलांडून गेले. एकही जर्मन रणगाडा पलीकडे पोहोचला नसताना ब्युल्साँ परिसरात रणगाडे आल्याची अफवा पसरली आणि फ्रेंच ५५ व्या डिव्हिजनची (हजारो सैनिकांच्या मोठ्या दलाची) फळी विस्कटली. प्रतिहल्ल्यासाठी राखीव दल हाताशी होते. पण लेखी हुकूम, जुळवाजुळव आणि गर्दीने तुंबलेले रस्ते यांत रात्र गेली. सकाळी हल्ला निघाला तेव्हा जर्मन रणगाडे पूल ओलांडून आले होते. दक्षिणेकडे जनरल फ्लाव्हिन्यी यांनी त्याच दिवशी आपली चिलखती डिव्हिजन एकवटण्याऐवजी सुमारे २० किलोमीटरांच्या पट्ट्यात वाटा अडवायला विखरून टाकली. जर्मन रणगाडा दलाचे सेनापती गुडेरिआन मात्र वरून स्पष्ट मुभा नसताना पश्चिमेला वळले आणि २० मे रोजी त्यांचे रणगाडे समुद्रापर्यंत पोहोचले. गामलँ यांच्या व्हँसेन येथील मुख्यालयात त्या काळात बिनतारी यंत्रणाही नव्हती.

फ्रान्सच्या पराभवाचा हा निकाल सिद्धांताच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. बेल्जियममध्ये जाँब्लूजवळ, जिथे शत्रू अपेक्षेप्रमाणे समोरून आला, तिथे फ्रेंच पायदळ आणि तोफखान्याने १४ आणि १५ मे रोजी दोन जर्मन रणगाडा डिव्हिजन रोखून धरल्या. उलट ‘ब्लिट्झक्रीग’ नावाचा सिद्धांत जर्मन नियमपुस्तिकांत नव्हताच. वृत्तपत्रांनी ते नाव लोकप्रिय केले. खुद्द जर्मन वरिष्ठ इतके धास्तावले होते की १७ मे रोजी गुडेरिआन यांना थांबवण्यात आले आणि त्यांनी राजीनामा देऊ केला. जर्मनांच्या बहुसंख्य डिव्हिजन पायी चालणाऱ्या, सामान घोड्यांवर ओढणाऱ्या होत्या. फ्रान्समधील अंतरे कमी असल्याने रसद कशीबशी पुरली. १९४१ मध्ये रशियाच्या विस्तारात तोच वेगाचा विचार इंधन, रूळ आणि थंडी यांच्यापुढे अडखळला.