वारा पडतो, पण खालचाच

उन्हाळ्यात दिवस मावळला की वारा पडतो, हे आपण सगळेच म्हणतो. अंगणापुरतं ते खरंही आहे. पण त्यावरून ‘वरची हवाही रात्री शांतच असते’ असं ठरवणं साफ चूक.

दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उसळत राहते. दीड-दोन किलोमीटर, कोरड्या मुलखात त्याहूनही उंच थर ढवळून निघतो आणि जमिनीच्या घर्षणाचा लगाम त्या सगळ्या थराला बसतो. संध्याकाळी जमीन भराभर निवते, लगतची हवा गार आणि जड होऊन तळाशी बसते, ढवळणं थांबतं. खालचा वारा पडतो तो यामुळे. वरच्या हवेचा मात्र लगाम सुटलेला असतो!

अमेरिकेतल्या कॅन्सस-ओक्लाहोमाच्या मैदानांवर उन्हाळ्याच्या रात्री हे ठळक दिसतं. खाली झाडाचं पान हलत नाही, आणि अवघ्या काहीशे मीटरवर दक्षिणेचा वारा ताशी ७०-८० किलोमीटरपर्यंत जातो. हवामानशास्त्रज्ञ ब्लॅकडार यांनी १९५७ साली याचं कारण मांडलं: घर्षण सुटलेला वारा पृथ्वीच्या फिरण्यामुळे वळत, वेग घेत जातो. शिवाय त्या मैदानांचा उतारही हातभार लावतो.

हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलांची खरी परीक्षा रात्रीच. कित्येक मॉडेलं रात्रीची हवा गरजेपेक्षा जास्त ढवळतात. मग वरच्या वाऱ्याचा हा झोत कागदावर मवाळ दिसतो, आणि पवनचक्क्यांच्या विजेचा अंदाजही चुकतो.