हाडातला मगज मणक्यात सोडला की लकवा जातो?

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत एक मेसेज किती वर्षं फिरतोय: ‘पेशंटच्याच कंबरेतून स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) काढून मणक्यात सोडतात, लकव्यात मेंदूचा मेलेला भाग नवा होतो. पेशी स्वतःच्याच, म्हणजे धोका शून्य!’ निफाडच्या एका काकांनी यापायी द्राक्षबागेचा तुकडा विकायला काढला होता.

कंबरेच्या हाडात जाड सुई घालून जे लालभडक, दाटसर ओढतात ती अस्थिमज्जा. तिचं काम रक्त बनवण्याचं. तिच्या पेशी मेंदूत जाऊन मेलेल्या भागाची जागा घेतात, हे कुणी सिद्ध केलेलं नाही. शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा आधी फुप्फुसातच अडकतात.

बरं, हे आपल्याच देशात तपासून झालंय. पाच केंद्रांत लकव्याच्या १२० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये छापून आले. काही जणांना स्वतःच्या पेशी शिरेतून दिल्या, बाकीच्यांना नाही. सहा महिन्यांनी पाहिलं तर अपाय दिसला नाही, पण उपयोगही नाही.

मग ‘अमक्याचा हात हलायला लागला’ ते? लकव्यानंतरच्या पहिल्या तीन-सहा महिन्यांत मेंदू स्वतःच बराच सावरतो, फिजिओथेरपीची जोड असेल तर अधिकच. श्रेय मात्र सुईला!

आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या आजारांतलं मज्जारोपण वगळलं तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल वापरू नयेत, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. काकांच्या हातात मात्र लाखांचं कोटेशन होतं.