पूर ओसरतो तेव्हा काठ ढासळतो

ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा अवघ्या बडोद्याचं लक्ष काळा घोडा पुलाजवळच्या आकड्याकडे होतं. काठाच्या मातीची खरी परीक्षा मात्र पाणी उतरू लागल्यावर सुरू होते. पूर चढलेला असताना नदीचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं. ते झपाट्यानं उतरलं की हा आधार जातो, पण मातीच्या कणांमध्ये शिरलेलं पाणी तितक्या लवकर निथळत नाही. त्याच्या दाबानं कणांमधलं घर्षण कमी होतं, आणि वजन तर भिजलेल्या मातीचं! चिकणमाती जास्त असेल तर हे निथळणं आणखी रेंगाळतं.

उतार घसरू नये म्हणून मातीला जितकं बळ लावावं लागतं, त्याच्या किती पट बळ तिच्याकडे आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सुरक्षागुणांक, अभियंत्यांच्या बोलीत 'फॅक्टर ऑफ सेफ्टी'. तो एक असेल तर उतार जेमतेम उभा. १९१६मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग बंदराचा धक्का कोसळला आणि त्यातून वर्तुळाकार घसरणीचं, म्हणजे माती वर्तुळाच्या कमानीवरून घसरते असं धरणारं, गणित पुढे आलं. आज संगणक अशी हजारो वर्तुळं तपासून सर्वांत कमी गुणांक देणारं शोधतो.

मग गुणांक किती हवा? मातीच्या धरणांसाठीचं भारतीय मानक पाणी कायम झिरपत असताना १.५ मागतं, आणि जलाशय अचानक उतरल्यास १.३. दुसरा आकडा लहान, कारण ती वेळ क्वचित येते असं धरलेलं आहे. विश्वामित्रीच्या काठाला हे गृहीतक लावणं मला पटत नाही. इथे पाणी एकाच पावसाळ्यात अनेकदा चढतं-उतरतं. पाणी वर चढवून वीज बनवणाऱ्या प्रकल्पांत जलाशय रोजच उतरतो. तिथे अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची नियमावली १.४ ते १.५ सुचवते. विचाराची हीच दिशा आपल्या नदीलाही लागू पडते.

गुणांक एकाच्या वर आहे म्हणून निश्चिंत होता येत नाही. १९७०च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बंदरासाठी पाण्याखाली खणलेला उतार घसरला. खोदाई वाचावी म्हणून तो नेहमीपेक्षा तीव्र ठेवला होता, आणि हिशेबात गुणांक १.१७ होता. मऊ चिकणमातीच्या ताकदीची मोजमापं सरासरीपासून १३ ते ४० टक्के इकडेतिकडे होऊ शकतात. १७ टक्क्यांची राखीव ताकद त्यात सहज संपते. म्हणून मातीचे नमुने काढायला बोअर जास्त घेतले, ते नमुने नीट तपासले, भूजलाची पातळी वर्षभर मोजली, तरच कमी गुणांकावर काम करण्याचा हक्क मिळतो. काठावर वस्ती असेल तर तेही पुरेसं नाही, कारण तिथे चुकीची किंमत माणसं मोजतात.

२०२५च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करण्यात आलं. पायथा खोल गेला की काठाची उंची वाढते आणि गुणांक उतरतो. अशा कामात मी आधी विचारेन: हिशेब भरल्या नदीचा आहे की ओसरत्या पुराचा? भिंती बांधून प्रश्न मिटवणंही सोपं नाही, कारण याच मातीत मगरी बिळं करतात आणि भिंतीनं त्यांची ती जागा जाते. उरतो तो उतार आडवा करण्याचा मार्ग, आणि त्यासाठी नदीला दोन्ही बाजूंनी जागा द्यावी लागते.